अभय आणि अविरोध : ब्रह्मदेशातील तरुणांच्या संदर्भात एका ग्रंथाचे पुनर्वाचन

ब्रह्मदेश हा आम्हा बौद्धांना परका देश नाही. डिसेंबर १९५४ मध्ये रंगून येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनास पूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जातीने उपस्थित होते. त्याच वर्षी त्याच नगरीत सहाव्या संगीतीस प्रारंभ झाला. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत प्रकाशित केलेले पाली तिपिटक त्या संगीतीत निश्चित झालेल्या पाठावर आधारलेले आहे. महाराष्ट्राला ब्रह्मदेशाची दुसरीही एक आठवण आहे. ‘केसरी’तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि १९१४ पर्यंतची वर्षे त्यांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. शब्दाला भिणारी सत्ता आणि त्या भीतीपोटी उभे राहणारे तुरुंग यांची ओळख त्या भूमीला लष्कर येण्यापूर्वीच झाली होती.

ज्या देशात तिपिटकाचा शब्द न् शब्द तपासून जतन केला गेला, त्याच देशात माणसाच्या मुखातील शब्द मात्र १९६२ नंतर गुन्हा ठरत गेला. हे कसे घडले, आणि धम्माजवळ याला काय उत्तर आहे, हा प्रश्न कोणत्याही बौद्ध अभ्यासकाला टाळता येणार नाही. या प्रश्नाला बौद्ध परिभाषेत उत्तर देण्याचा एक गंभीर प्रयत्न म्हणून आँग सान सू की यांचा ‘फ्रीडम फ्रॉम फिअर’ हा लेखसंग्रह १९९१ साली प्रसिद्ध झाला. मायकेल एरिस यांनी त्याचे संपादन केले होते. त्या काळी जगभर त्याचे जे स्वागत झाले त्यात लेखिकेच्या कैदेचा व नोबेल पारितोषिकाचा वाटा मोठा होता. आज ते वलय उरलेले नाही. म्हणूनच ग्रंथाचे निर्विकार परीक्षण करण्यास ही वेळ योग्य आहे, असे आम्हांस वाटते.

(१) ग्रंथामागील तरुण पिढ्या

ग्रंथ एका व्यक्तीच्या नावावर असला तरी त्याची भूमी विद्यार्थ्यांनी तयार केली आहे. ब्रह्मदेशात विद्यार्थी आणि राज्यसत्ता यांचा संघर्ष १९२० च्या विद्यापीठीय संपापासून चालत आला आहे. १९३६ साली विद्यार्थी संघाच्या नियतकालिकात एका विद्यापीठीय अधिकाऱ्यावर झोंबणारा लेख छापून आला. लेखकाचे नाव सांगण्यास संपादकाने नकार दिला. या नकारासाठी बडतर्फीची आज्ञा पत्करणारा तो संपादक म्हणजे सू की यांचे पिता आँग सान होत. ब्रह्मदेशाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता आणि तेथील सेनेचा संस्थापक सार्वजनिक जीवनात प्रथम उभा राहिला तो दुसऱ्याच्या लेखणीचे रक्षण करण्यासाठी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच सेनेने २ मार्च १९६२ रोजी सत्ता बळकावली. ७ जुलैला रंगून विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघाची इमारत सुरुंगाने उडविण्यात आली. माणसे मारून सत्तेचे समाधान झाले नाही. ज्या छपराखाली ती बोलत होती ते छप्परही तिला सहन झाले नाही. पुढे मार्च १९८८ मध्ये चहाच्या दुकानातील एका क्षुल्लक भांडणातून पोलिसांचा गोळीबार झाला, तंत्रज्ञान संस्थेचा एक विद्यार्थी मृत्यू पावला, आणि त्यातून ८ ऑगस्टचा देशव्यापी उठाव उभा राहिला. २६ ऑगस्ट रोजी श्वेडगोन चैत्याच्या परिसरात सू की यांनी जे भाषण केले ते या ग्रंथात समाविष्ट आहे. त्यात त्यांनी लोकांना येथवर आणण्याचे श्रेय विद्यार्थ्यांना दिले व मृतांसाठी मौन पाळण्यास सांगितले. १८ सप्टेंबरला सेनेने पुन्हा सर्व सूत्रे हाती घेतली. १९९० च्या निवडणुकीत सू की यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकूनही सत्तांतर झाले नाही. ग्रंथातील महत्त्वाचे लेख या पार्श्वभूमीवर वाचावयाचे आहेत.

(२) भयगतीचा विचार

ज्या लेखावरून ग्रंथाला नाव मिळाले त्याचा पाया आहे चार अगतींचा. छंदगती, दोसगती, मोहगती व भयगती हे चार कुमार्ग सिगालोवाद सुत्तात व अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. पक्षपाताने, द्वेषाने, अज्ञानाने किंवा भीतीने मनुष्य जे करू नये ते करतो, हा त्यांचा आशय. सू की यांचे प्रतिपादन असे की या चौघांत भयगती सर्वांत घातक आहे. कारण भय माणसाची योग्यायोग्याची जाण हळूहळू मारते आणि इतर तीन अगतींच्या मुळाशीही बहुधा तेच असते. सत्ताधाऱ्याला सत्ता जाण्याचे भय असते, प्रजेला सत्तेच्या दंडुक्याचे. दोघेही त्यामुळे भ्रष्ट होतात.

पाली वाङ्मयाचा विचार करता येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. तिपिटकात या चार अगतींमध्ये असा उच्चनीच क्रम लावलेला नाही. अकुशलाची मुळे लोभ, दोस व मोह ही तीन होत. भय त्यांत येत नाही. भयाला मूळ मानणे हे लेखिकेचे स्वतःचे निदान आहे. ते अभिधम्माच्या कसोटीवर उतरणारे नसले तरी हुकूमशाहीत जगणाऱ्या समाजाचे निदान म्हणून अत्यंत मोलाचे आहे. शेजारी कान देऊन ऐकतो आहे या शंकेने जो बाप मुलाला घरातही गप्प बसवतो, तो त्या क्षणी मोहाने किंवा द्वेषाने वागत नसतो. त्याच्यापुरते लेखिकेचे म्हणणे खरे आहे.

आमची खरी शंका निराळी आहे. भयगतीला अग्रस्थान दिल्यामुळे उरलेल्या तीन अगतींकडे, विशेषतः छंदगतीकडे, लेखिकेचे दुर्लक्ष झाले. छंदगती म्हणजे आपल्या माणसाविषयीच्या ममतेने न्यायापासून ढळणे. याच ग्रंथातील श्वेडगोनच्या भाषणात त्या सेनेविषयी उत्कट जिव्हाळा व्यक्त करतात, कारण ती त्यांच्या पित्याने उभारली आणि लहानपणी सैनिकांनी त्यांना सांभाळले. १९८८ साली, विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडणाऱ्यांना माणुसकीची आठवण करून देण्यासाठी हा सूर उपयुक्त असेलही. पुढील इतिहास पाहता मात्र हे परिच्छेद वाचताना मन थबकते. जी अगती लेखिकेच्या अगदी निकट होती तिचेच विवेचन ग्रंथात सर्वांत तोकडे आहे.

(३) ‘अविरोध’ म्हणजे कोणाचा अविरोध?

लोकशाहीच्या शोधाविषयीचा लेख हा बौद्ध विद्येच्या दृष्टीने ग्रंथाचा गाभा होय. लोकशाही व मानवी हक्क ही पाश्चात्त्यांची आयात आहे, ब्रह्मी संस्कृतीला ती मानवणारी नाहीत, हा सेनाधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. सू की त्याला तिपिटकातूनच उत्तर देतात. अग्गञ्ञ सुत्तातील महासम्मत हा लोकांनी निवडलेला राजा. तो दैवी अंश घेऊन अवतरत नाही. कलह मिटविण्यासाठी लोक त्याला नेमतात व मोबदल्यात धान्याचा वाटा देतात. त्यानंतर लेखिका दस राजधम्मांची चर्चा करतात : दान, शील, परिच्चाग, अज्जव, मद्दव, तप, अक्कोध, अविहिंसा, खंती व अविरोध.

दहाव्या धम्माचा अर्थ त्या ‘लोकांच्या इच्छेस विरोध न करणे’ असा लावतात. भदंत वालपोल राहुल यांनीही तो असाच लावला होता. दाखल्यासाठी लेखिका दोन जातककथा देतात. नरमांसाची चटक लागलेल्या पोरिसादाला प्रजेने राज्याबाहेर घालविले, आणि राज्याचा श्वेत हत्ती परस्पर देऊन टाकणाऱ्या वेस्संतरालाही प्रजेच्या मागणीवरून वनवास पत्करावा लागला. म्हणजे राजा दुष्ट असो की पुण्यशील, प्रजेच्या संमतीविना त्याला चालता येत नाही.

युक्तिवाद आकर्षक आहे. सेनेच्या विरोधात तर बिनतोड आहे. तरीही तो अपुरा आहे, असे आमचे मत आहे. ‘अविरोधन’ या शब्दाचा दुसराही अर्थ थेरवादी परंपरेत प्रचलित आहे. थायलंडमधील विद्वान तो ‘धम्माच्या विरुद्ध न जाणे’, ‘न्यायापासून न ढळणे’ असा करतात. पहिल्या अर्थाने राजा लोकमताला बांधला जातो, दुसऱ्या अर्थाने धम्माला. लोकमत आणि धम्म एका दिशेने चालले असतील तोवर या दोन अर्थांत व्यवहारतः अंतर पडत नाही. लोकमतच अधम्माच्या वाटेला लागले तर काय करावयाचे, याचे उत्तर केवळ दुसऱ्या अर्थातून मिळते.

वेस्संतराची कथा शेवटपर्यंत वाचली म्हणजे हेच दिसून येते. शिवी राष्ट्राच्या प्रजेने त्याला घालविले आणि पिता संजय याने मनाविरुद्ध ती मागणी मान्य केली, इथपर्यंतचा भाग लेखिकेने घेतला. परंतु शेवटी तीच प्रजा त्याला सन्मानाने परत आणते. जातककार प्रजेचा अधिकार मान्य करतो आणि प्रजेची चूकही लपवीत नाही. पोरिसादाच्या कथेचा उत्तरार्धही असाच अर्थपूर्ण आहे. हद्दपारीने पोरिसाद सुधारत नाही. दिलेला शब्द पाळून त्याच्या हाती स्वतःहून परत आलेला सुतसोम त्याच्यासमोर निर्भयपणे बोलतो, तेव्हा त्याचे परिवर्तन होते. अन्यायी राजासमोर उच्चारलेल्या सत्य वाणीचे सामर्थ्य सांगणारी ही कथा वाणीच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या ग्रंथात अर्धीच यावी, हे आश्चर्य होय.

(४) सत्ता हाती आल्यानंतर

ग्रंथाची खरी परीक्षा पुढे पंचवीस वर्षांनी झाली. २००८ ची राज्यघटना सेनेने आपल्या हिताची बनविली होती. संसदेच्या एक चतुर्थांश जागा व तीन महत्त्वाची खाती सेनेकडे राखीव होती. सेनेच्या आशीर्वादाने चालणाऱ्या अर्धनागरी शासनाने मार्च २०१५ मध्ये शिक्षण कायद्याविरुद्ध मंडालेहून पायी निघालेल्या विद्यार्थ्यांना लेटपडान येथे अडवून झोडपले व शंभराहून अधिक जणांना पकडले. २०१६ मध्ये सू की यांचा पक्ष सत्तेवर आला. त्याने पहिल्याच महिन्यात त्यांतील अनेकांना मुक्त केले आणि त्याच वर्षी दोन जुने दडपशाहीचे कायदे रद्द केले. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु अभिव्यक्तीचे गळे आवळणारी कलमे तशीच राहिली. तेथील दंडसंहिता ही ब्रिटिशांनी १८६० साली हिंदुस्थानासाठी केलेल्या संहितेचेच भावंड आहे. सैनिकांना कर्तव्यापासून ढळविणारे विधान करणे हा गुन्हा ठरविणारे तिचे कलम ५०५ आमच्याकडेही २०२४ मध्ये नवी संहिता येईपर्यंत त्याच क्रमांकाने होते. एप्रिल २०१९ मध्ये जलोत्सवाच्या वेळी ‘मयूर पिढी’ असे नाव घेतलेल्या तरुण कलावंतांच्या चमूने ‘थांग्यात’ सादर केले. थांग्यात म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर, सवाल-जबाबाच्या रीतीने, सत्ताधाऱ्यांची थट्टा करणारी यमकबद्ध लोककला. आमच्याकडील लोकनाट्यातील बतावणी डोळ्यांपुढे आणावी. या तरुणांनी सैनिकी वेष घालून सेनेची थट्टा केली. सेनाधिकाऱ्याने तक्रार केली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतील काहींना याच कलमाखाली एक वर्षाचा तुरुंगवास झाला. घटना बदलण्यासाठी सेनेच्या संमतीची गरज होती हे मान्य. दंडसंहितेतील एक कलम बदलण्यासाठी तशी गरज नव्हती.

याहून गंभीर गोष्ट रोहिंग्या मुसलमानांची. ऑगस्ट २०१७ पासून सेनेच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळून गेली. या अत्याचारांचा शोध घेणाऱ्या दोन वार्ताहरांना सप्टेंबर २०१८ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली आणि सू की यांनी त्या शिक्षेचे जाहीर समर्थन केले. डिसेंबर २०१९ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांनी आपल्या देशाची बाजू स्वतः मांडली. देशातील बौद्ध बहुसंख्याकांचे मत त्या वेळी त्यांच्या बाजूचे होते, आणि येथेच ‘अविरोधा’च्या पहिल्या अर्थाचा धोका उघडा पडतो. लोकांच्या इच्छेस विरोध न करणे हाच राजधम्म असेल तर त्या चुकल्या कोठे? ग्रंथाच्या आधाराने त्यांना दोष देता येत नाही. धम्माच्या आधाराने देता येतो. ग्रंथ व धम्म यांच्यातील हे अंतर हीच या लेखनाची मुख्य उणीव आहे.

भिक्खुसंघाकडे पाहिले तर चित्र दुहेरी दिसते. सप्टेंबर २००७ मध्ये भिक्खूंनी पात्रे उपडी केली. ‘पत्तनिक्कुज्जन’ हा चुल्लवग्गात सांगितलेला विधी आहे. संघाचे अहित करणाऱ्या उपासकाकडून दान न स्वीकारण्याचा तो ठराव. वड्ढ नावाच्या लिच्छवीने एका निरपराध भिक्खूवर खोटा आळ घेतला तेव्हा तो प्रथम अमलात आला आणि त्याने चूक कबूल करताच मागे घेतला गेला. शिव्याशाप नाहीत, हिंसा नाही. केवळ सत्तेला पुण्य मिळवून देण्यास नकार. असहमतीचा याहून निर्मळ नमुना आमच्या वाचनात नाही. परंतु त्याच देशात २०१७ च्या ऑक्टोबरात एका ख्यातनाम, विद्वान भिक्खूने सेनाधिकाऱ्यांपुढे प्रवचन करताना महावंसातील दुट्ठगामणीची कथा सांगितली. युद्धात मारलेले परधर्मीय जणू पूर्ण मनुष्य नव्हेत, असे सांत्वन त्या कथेत राजाला केले जाते. चीवर एकच, परंतु त्यातून दोन परस्परविरुद्ध शिकवणी निघाल्या.

(५) तरुणांनी केलेले भाष्य

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सेनेने निवडून आलेले शासन पुन्हा उलथून टाकले व सू की यांना अटक केली. २ फेब्रुवारीच्या रात्रीपासून घराघरांतून भांडी वाजू लागली. दुष्ट शक्तींना घालवून देण्याचा हा तेथील जुना लोकाचार. लाखो तरुण रस्त्यावर आले. दोनच आठवड्यांत दंडसंहितेत ५०५-अ हे नवे कलम आले. भीती निर्माण करणारे किंवा खोटी बातमी पसरविणारे वक्तव्य केल्यास तीन वर्षांची शिक्षा त्यात आहे. भयावर राज्य करणारी सत्ता भीती पसरविण्याचा गुन्हा प्रजेच्या माथी मारते, यात भयगतीचे जेवढे दर्शन होते तेवढे कोणत्याही निबंधात होणार नाही. मार्चमध्ये मोन्यवा येथे के झा विन हे कवी गोळीबारात ठार झाले. २०१५ च्या विद्यार्थी आंदोलनासाठीही त्यांनी तुरुंगवास भोगला होता. जुलै २०२२ मध्ये चौघांना फाशी देण्यात आली. त्यांत १९८८ चे विद्यार्थी नेते को जिमी होते, तसेच हिप-हॉप गायक म्हणून पुढे येऊन नंतर संसद सदस्य झालेले झेयार थॉ होते. दोन पिढ्या एकाच फासाला गेल्या.

याच तरुणांपैकी अनेकांनी २०२१ मध्ये एक गोष्ट केली तिला आम्ही विशेष महत्त्व देतो. निदर्शनांत हाती फलक धरून त्यांनी रोहिंग्यांची क्षमा मागितली. सैनिकांच्या ज्या क्रौर्यावर आपण पूर्वी विश्वास ठेवला नाही ते आता आपल्या दारात आले, तेव्हा आपण पूर्वी गप्प राहिलो ही चूक होती, असे त्यांनी उघडपणे मान्य केले. जूनमध्ये सेनाविरोधी राष्ट्रीय ऐक्य शासनानेही रोहिंग्यांना नागरिकत्वाचा न्याय देण्याचे आश्वासन जाहीर केले. ‘अविरोधा’चा दुसरा, धम्मानुसारी अर्थ या तरुणांनी कोणत्याही अट्ठकथेविना शोधून काढला. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी सांगितले आहे की जे सत्य आहे, हितकर आहे, ते अप्रिय असले तरी योग्य वेळी बोलावे. बालकाच्या घशात काही अडकले तर रक्त निघाले तरी ते काढावेच लागते. सत्तेला अप्रिय बोलणे कठीण खरेच; आपल्याच समाजाला व आपल्याच भूतकाळाला अप्रिय बोलणे त्याहून कठीण.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोळीबारानंतर हजारो तरुणांनी शस्त्र हाती घेतले. ग्रंथातील अहिंसेच्या आग्रहापाशी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, तो येथे विचारात घ्यावा लागतो. त्या भेदाचा आधार घेणाऱ्याने मात्र स्वतःला रोज तपासले पाहिजे. गरजेचे रूपांतर इच्छेत होण्यास वेळ लागत नाही. सुरक्षित अंतरावर बसून त्या तरुणांचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्यांच्या शस्त्राला धम्म म्हणण्याचाही नाही.

(६) निष्कर्ष

सारांश, भयाचे निदान करणारा ग्रंथ म्हणून ‘फ्रीडम फ्रॉम फिअर’चे मूल्य टिकून आहे. तिपिटकातील राजधम्माचा विचार त्याने आधुनिक राजकारणात आणला, हे त्याचे कार्य मोठे आहे. छंदगतीकडे पाठ फिरविणे आणि अविरोधाचा एकांगी अर्थ लावणे, हे त्याचे दोन दोष आहेत. आणि लेखिकेच्या हाती सत्ता आली तेव्हा नेमके हेच दोष अनुभवास आले. मनोविश्लेषण करण्याचा आमचा हेतू नाही. त्या आज ज्या यातना भोगीत आहेत त्यांविषयी आमच्या मनात सहानुभूतीच आहे. २०२३ मध्ये काही शिक्षा माफ होऊनही २७ वर्षांची शिक्षा उरली होती. परंतु सहानुभूती हे परीक्षणाचे मापक नव्हे.

या परीक्षणातून आम्हांस स्वतःकडेही पाहावेसे वाटते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघातील ठराव, गणपूर्ती व गुप्त मतदान यांचा अभिमानाने उल्लेख केला आणि त्याच भाषणात राजकारणातील भक्ती ही अधःपतनाची व हुकूमशाहीची वाट आहे, असे बजावले. ब्रह्मदेशातील लोकांनी एका व्यक्तीवर भक्ती केली आणि तिच्या मौनात त्यांचेही मौन मिसळले. आमच्या विहारांत कालाम सुत्त वारंवार सांगितले जाते. त्याच विहारात एखादा तरुण उठून आमच्या नेत्याविषयी, आमच्या संस्थेविषयी वा आमच्या भिक्खूंविषयी अप्रिय प्रश्न विचारू लागला, तर त्याला बसविण्यासाठी किती हात पुढे होतात?

हा ग्रंथ अभ्यासवर्गात अवश्य लावावा. परंतु तो वाचताना वेस्संतराची व पोरिसादाची कथा मूळ जातकांतून शेवटापर्यंत वाचावी, २०१९ च्या त्या थांग्यात करणाऱ्या मुलांची हकीकत सांगावी, आणि चर्चेचा प्रारंभ वर्गातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या प्रश्नाने करावा.